दुसरा चालू हाय काय?

नीलेशचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. जूनची पेरणी तोंडावर आलेली, जानेफळच्या आमच्या कृषी केंद्रात कपाशीच्या बियाण्यासाठी ही गर्दी, आणि मी एकाच वेळी तिघांशी बोलून तिघांनाही चुकीची पाकिटं देण्याच्या माझ्या नेहमीच्या उद्योगात गुंतलेला. "मामा..." भाचा म्हणाला आणि पुढे नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "बाबा गेले." झाडांना पाणी घालता घालता अंगणातच खाली बसले, ते उठलेच नाहीत. नांदुऱ्याच्या शेजाऱ्यांनी त्याला पुण्याला कळवलं, त्यानं मला. मी "बरं, बरं" म्हणत राहिलो. समोरचा माणूस "भाऊ, माही दोन पाकिटं" म्हणत होता, ती मी त्याला दिली, वर सुटे पैसेही दिले. माणूस कसा असतो पाहा. थोरल्या बहिणीचा नवरा गेला, अर्ध्या आयुष्याची सोबत गेली, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता यावा? तर, घरातल्या कॉम्प्युटरवर सकाळपासून ती लाल फुली दिसते आहे, ती आता कुणाला विचारायची?

त्या लाल फुलीची गोष्ट म्हणजेच माझ्या भाऊजींची गोष्ट, म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

मधुकरराव नांदुऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. शाळेत कॉम्प्युटरचे खोके येऊन पडले तेव्हा त्यांचा ताबा कोणी घ्यायचा यावर शिक्षकांची सभा झाली. संस्कृतच्या सरांची पाठ धरलेली होती, विज्ञानाच्या बाईंना धूळ चालत नव्हती, आणि खेळाच्या सरांनी आपला हात जड असल्याचं प्रांजळपणे सांगितलं. भाऊजी त्या दिवशी रजेवर होते, त्यामुळे त्यांची एकमतानं निवड झाली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर हातात किल्ली. "मी म्हटलं, चाला, गणितात नापास होनाऱ्या पोट्ट्याइपेक्षा हे बरं. हे निदान इचारल्यावर उत्तर देते," असं ते सांगायचे. मग वाचत, विचारत, बिघडवत आणि पुन्हा जुळवत ते शिकले. फार मोठे जाणकार होते असं मी म्हणणार नाही. त्यांचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा चुकायचं. पण चुकलं की आनंद व्हायचा त्यांना. "हे नाई, म्हनजे आता दुसरंच असन," म्हणत चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पुन्हा वाकायचे.

आमच्या घरी मात्र त्यांची एकच अडचण होती. ते जवाई होते. आमच्याकडे जवाई आला की त्यानं करायचं काय, तर बसायचं. पाण्याचा पेला स्वतः उचलायचा नाही, आंघोळीची बादली कोणीतरी नेऊन ठेवणार, पंगतीत पाट त्याचा आधी मांडणार, आणि "पुरे" म्हटलं की वाढणारीला ते "आणखी" असं ऐकू येणार. बिचारे दिवसभर लोडाला टेकून बसायचे, घरातली माणसं कामाला लागलेली बघायचे आणि अवघडायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "साळेबुवा, तुमच्या घरी मले एखांदी शिक्षा झाल्यासारखं वाटते. बसून बसून कंबर धरली." मी हसलो. माझ्या सासुरवाडीला मला ही शिक्षा फार आवडते, हे त्यांना कसं सांगणार?

आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे घर. आई, मी आणि बायको मंगल, धाकटा भाऊ गजू आणि त्याची बायको वर्षा. घरात कपाट एक, त्याची किल्ली देवघराजवळच्या खिळ्याला. कोणाचीही पेटी कोणीही उघडावी, कोणाचंही पाकीट कोणीही फोडावं, आणि कोणी "हे माझं होतं" म्हणालं तर सगळ्यांनी त्याच्याकडे चोरासारखं पाहावं, अशी रीत. अशा घरात मी, खतं-बियाणं विकणारा माणूस, चोरून एक कथा लिहीत होतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर, दुपारी गिऱ्हाईक नसताना. कोणाला संशय येऊ नये म्हणून त्या मजकुराला नाव दिलं होतं 'खत साठा जुना'. माझ्या हुशारीवर मी खूश होतो. एका संध्याकाळी गजूला खरोखरच जुन्या खताचा साठा बघायचा होता, आणि त्याला तिथे नायिका सापडली.

त्याच दिवशी ताई आणि भाऊजी आलेले. पंगत बसलेली, रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि गजूनं कागद काढला. त्यानं तो छापून आणला होता! नायिकेच्या डोळ्यांचं वर्णन मी दीड पान केलं होतं. हरिणीचे, मासोळीचे, ओल्या करवंदांचे... माझ्या हाती आलेला एकही डोळा मी सोडला नव्हता. गजू आवाज काढून वाचत होता, वर्षा पदरात तोंड लपवून हसत होती, आई म्हणाली, "अरे बाळ्या, करवंद कोनी डोळ्यात घालते काय?" आणि मंगलनं भाजी वाढता वाढता हात थांबवून अगदी शांतपणे विचारलं, "कोनाचे हो हे डोळे?" मी म्हटलं, "कोनाचे नाई." "मंग दीड पान काऊन?" सगळे हसले, मीही हसलो, न हसून सांगतो कोणाला. हसले नाहीत ते फक्त भाऊजी. ते खाली मान घालून रोडगा कुस्करत राहिले, आणि हात धुताना मला एवढंच म्हणाले, "लिहिलेलं पुरं करजा."

सकाळी उठून पाहतो तर जवाई पत्र्यावर! शेजारच्या रशीदभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी निळी वायर आणि खिळ्याच्या क्लिपा आणल्या होत्या, शिडीही त्यांचीच मागून घेतली होती, आणि दुकानापासून मागच्या खोल्यांपर्यंत ते वायर ओढत होते. खाली आई कपाळाला हात लावून उभी. "जवाईबापू, उतरा माय... लोकं काय म्हनतीन! जवायाले पत्र्यावर चढवलं म्हनतीन!" समोरून रशीदभाई तंबाखू मळत बोलले, "माँजी, जमाना बदल गया. जवाई वर अन् साळा खाली शिडी धरून. बाळूभाऊ, घट्ट धरजा बरं, बहीन देल्ली हाय तुमी त्याइले!" वरून भाऊजींनी सासूला हाक मारली, "मामी, पयल्यांदा या घरात मले बरं वाटून राह्यलं. वाटीभर चहा वरच पाठवा." आईनं चहा पाठवला. पत्र्यावर जवायाला चहा देण्याची वेळ आपल्यावर आली, हे ती पुढे दोन-तीन लग्नांमध्ये तरी सांगत होती... अर्थात अभिमानानं.

दुकानातला कॉम्प्युटर, गजूच्या खोलीतला एक, आणि शाळेतून बाद झालेला एक त्यांनी दुरुस्त करून आणला होता तो मधल्या घरात, असे तिन्ही त्या वायरीनं जोडले गेले. मग त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर. तो घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडता येईल, पण उघडेल ज्याचा त्यालाच, आणि ज्याला त्यानं परवानगी दिली असेल त्याला. बाकीच्यांना नुसतं नाव दिसेल. आईला हे अजिबात पटलं नाही. "आपल्याच घरात आपल्याच मानसाले कुलूप? हे काय वळन झालं जवाईबापू?" भाऊजी जरा थांबून म्हणाले, "कुलूप नाई मामी. आता हे पाहा, तुमी देवासमोर बसता तवा डोळे मिटता. काय मांगता ते आमी इचारतो काय?" आईनं मान डोलावली. पण पटलं नव्हतंच, हे नंतर कळलं.

पहिल्या आठवड्यात तर गोंधळच झाला. भाऊजींनी कुठेतरी काहीतरी वेगळंच जोडलं होतं, त्यामुळे घरातून छापायला दिलेलं सगळं दुकानात छापून यायचं. मंगलनं चेहऱ्याला लावायच्या लेपाची कृती छापायला दिली, ती दुकानात फवारणीच्या औषधाच्या बिलाबरोबर निघाली आणि वरवट बकालहून पाहुणा म्हणून आलेला एक शेतकरी दोन्ही कागद घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन. "भाऊ, हे बेसन अन् हयद कपाशीवर पंपाले किती टाकू? अन् दह्यानं नोझल नाई ना भरत?" मी नांदुऱ्याला भाऊजींना फोन केला. ते इतके हसले की ताईनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

महिन्याभरानं ते पुन्हा आले आणि त्यांनी मला विचारलं, "मंग? सगळे आपापल्या फोल्डरात काही ठेवतेत काय?" मी म्हटलं, "हाव. लय सोपं झालं. आईनं सगळ्याइचा पासवर्ड एकच ठेवाले सांगतला. ग्रामदेवतेचं नाव. भुलाचं काम नाई." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी मोठी सोय साधल्याचं समाधान असावं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, पुन्हा नेला. मग खोकला येईपर्यंत हसत राहिले. आईची बाजूही खोटी नव्हती. खिळ्याला किल्ली एकच असते, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग त्यांनी जे केलं ते आमच्या गल्लीत अजून आठवतात. दुपारची वेळ होती. त्यांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं. आम्ही सगळे पुढच्या ओट्यावर निंबाच्या सावलीत, आणि एकेकानं आत जायचं, आपला पासवर्ड एकट्यानं टाकायचा आणि बाहेर यायचं. रशीदभाई समोरून ओरडले, "काय मतदान हाय काय? शाई लावा बोटाले!" गजू गेला, वर्षा गेली, मंगल गेली आणि बाहेर येताना माझ्याकडे रोखून पाहत आली. मी गेलो. आत भाऊजी मला म्हणाले, "पासवर्ड तं टाकानच. आनखी एक सांगा, तुमच्याशिवाय कोनाले दिसू द्याचं?" मी म्हटलं, "कोनालेच नाई." "बरं. कवा बदलावं वाटलं तं सांगजा." एवढं बोलून तेही माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

शेवटी आई. ती उठेचना. "मी काय ठेवू त्याच्यात? माह्याजवळ हाय काय ठेवाले?" भाऊजी तिच्यासमोर ओट्यावर खाली बसले. जवाई सासूसमोर खाली बसलेला पाहून ती आणखीच कावरीबावरी. "काही नका ठेवू मामी," ते म्हणाले, "रिकामा राहू द्या. पन तुमचा." आई आत गेली. चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर शोधत असणार... बराच वेळ लागला. भाऊजीसुद्धा आमच्यात बाहेर येऊन बसले होते. ती बाहेर आली ती पदर नीट करत, लग्नाला निघाल्यासारखी. "झालं," म्हणाली, आणि कोणालाच काही विचारू दिलं नाही. आई अजून आहे. तिचा फोल्डर अजून रिकामा आहे. वर्षातून एखाद्या वेळी, दिवाळीच्या साफसफाईत वगैरे, ती आम्हाला मधल्या घरातून बाहेर काढते आणि एकटीच कॉम्प्युटरसमोर बसते. एकदा मंगलनं धीर करून विचारलं, "काय पाह्यलं आई?" तर म्हणाली, "काही नाई. हाय ना जागेवर."

माझं सांगायचं तर, ती कथा मी त्या फोल्डरात पुरी केली. नंतर काही महिन्यांनी भाऊजींना फोन करून विचारलं, मंगलला दिसायला हवं असेल तर काय करावं. त्यांनी "काऊन" असं विचारलं नाही. फक्त "हाव" म्हणाले आणि कुठे काय दाबायचं ते सांगितलं. मंगलनं कथा वाचली आणि खाली लिहिलं, 'डोळे कमी करा.' मी केले. तेव्हापासून मी जे काही चार शब्द लिहितो ते आधी तिला दिसतात. या लेखातलेही दिसले आहेत. काही गेले.

आणि ती लाल फुली. फोल्डर दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये, त्यामुळे दुपारी जेवायला येताना मी तो बंद केला की घरातल्या कॉम्प्युटरवर फोल्डरांच्या चित्रावर लाल फुली पडायची. मंगल म्हणायची, "गेलं सगळं!" मला घाम फुटायचा आणि मी नांदुऱ्याला फोन लावायचो. भाऊजी सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे. मी वायरीचं, पावसाचं, उंदरांचं, लाइटीच्या खालीवर होण्याचं सविस्तर वर्णन करायचो. सगळं संपलं की ते विचारायचे, "साळेबुवा, दुसरा चालू हाय काय? तो बंद असन तं याले दिसन कसं?" मी दुकानात जाऊन बटण दाबायचो. फुली गायब. वर्षानुवर्षं हेच. दर वेळी मला ही बाब नव्यानं घडल्यासारखी वाटायची, आणि दर वेळी ते तितक्याच गांभीर्यानं तोच प्रश्न विचारायचे. "मागच्या खेपेला सांगतलं होतं ना" असं एकदाही म्हणाले नाहीत. वर्गात तेच गणित पुन्हा पुन्हा समजावलेला माणूस...

त्यांच्या घरीही एक असाच फोल्डर होता, हे मला फार उशिरा कळलं. नांदुऱ्याचं त्यांचं घर लहानसं. पुढच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर, मागे स्वयंपाकघराला लागून ताईचा. नीलेश शिकायला बाहेर पडल्यावर घरात दोघंच. मी एकदा खामगावला गाडी बदलून त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा पाहिलं, ताई पोळ्या उरकून हात पुसत आपल्या कॉम्प्युटरपाशी बसली, काहीतरी उघडलं, स्वतःशीच हसली. पुढच्या खोलीत भाऊजी आपल्या कॉम्प्युटरसमोर. मला कळलं की भाऊजींच्या कॉम्प्युटरात दोघांचा मिळून एक फोल्डर आहे, फक्त त्यांच्या दोघांच्या नावावर उघडणारा. मी म्हटलं, "भाऊजी, घरात दोघंच राह्यता तुमी. मंग लपवता कोनापासून?" ते म्हणाले, "लपवाले नाई हो. ठेवाले." आणि विषय बदलून मला कपाशीचा भाव विचारला.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. नीलेशनं मला अंगणात बाजूला घेतलं. पोरगा चांगला आहे, आईची काळजी त्याला रात्रंदिवस लागलेली दिसत होती. "मामा, तुम्ही समजवा आईला. काही महिने तरी पुण्याला चल म्हणतो, ऐकत नाही. आणि बाबांचा तो कॉम्प्युटर... फार जुना झालाय, पंखा घरघरतो, वायर तापते. एकटी असताना काही झालं तर? मी त्याचा प्लगच काढून ठेवलाय. काय हवं ते सगळं एका पेनड्राइव्हवर घेतो आणि तो काढून टाकतो. तुमचं ऐकेल ती." माझं ऐकेल! मी पन्नाशीला आलो तरी भरल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मला "बाळू, नाक पुस" म्हणणारी बहीण ती. तरी पण बोलणं पटण्यासारखं होतं. मी मान हलवली आणि आत गेलो.

ताई आपल्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. मी काही बोलण्याआधीच तिनं पडद्याकडे बोट केलं. "बाळू... फुली पडली."

त्यांच्या दोघांच्या फोल्डरावर लाल फुली. घरात सुतक म्हणून सगळं बंद होतं, आणि आज इतक्या दिवसांनी तिनं कॉम्प्युटर लावला, तर हे. "मी कोनाले बोललो नाई," ती म्हणाली. वऱ्हाडातल्या बायका स्वतःबद्दल असं 'बोललो'च म्हणतात; पुण्याला नीलेशच्या बायकोनं हसू नये म्हणून ताई तिकडे ती सवय आवरते. "नीलेशले सांगतलं असतं तं तो म्हनला असता, जाऊ दे आई, नवा घेऊ. मले वाटलं, त्याइच्या नावाचं होतं... ते गेले, तं तेही गेलं असन." डोळ्यांत पाणी नव्हतं. तेरा दिवसांत रडून झालं असेल, किंवा हे रडण्याच्या पलीकडचं असेल. मग ती सांगू लागली. "तुले मालूम हाय काय, हे कसं सुरू झालं? तुमच्या घरी ते मतदान झालं त्या दिवशी मीही होतो ना ओट्यावर. सगळे एकेक करून आत गेले. माय गेली. मले कोनी म्हटलंच नाई. ना मायनं, ना तू, ना याइनं. मी आता त्या घरची नाई, हे खरंच हाय म्हना... मी काही बोललो नाई. पन बसमध्ये बसल्यावर म्हटलं, माहं नाव राह्यलं." ती हसली. "असे पांढरेफटक पडले रे! चष्मा वर, चष्मा खाली. सगळ्याइले देल्लं अन् बायकोलेच भुलले. खामगाव येईपर्यंत बोलले नाई. घरी आल्यावर हातपाय न धुता बसले अन् केला फोल्डर. म्हने, हा तुह्या एकटीचा. मी म्हटलं, मले एकटीचा नाई पाह्यजे. एकटी तं मी दिवसभर राह्यतोच, तुमी शाळेत गेल्यावर. दोघाइचा करा."

आता पुण्याला जायची गोष्ट काढायला माझं तोंड उघडेना. म्हणून मला जे येत नाही ते करायला बसलो. टेबलाखाली शिरून वायर हलवली. कॉम्प्युटर बंद केला, लावला. मागे फुंकर मारली, रुमालानं पुसलं. फुली जिथल्या तिथे. ताई माझ्याकडे मोठ्या आशेनं बघत होती आणि मला जानेफळचा तोच जुना घाम फुटला. सवयीनं खिशातून मोबाईल काढला, बोट त्यांच्या नावापर्यंत गेलंसुद्धा... आणि तिथेच थांबलं. मोबाईल हातात तसाच. आणि मग त्यांचा तो प्रश्न मला ऐकू आला म्हणणं खोटं ठरेल, पण आठवला तो त्यांच्याच आवाजात, माझी सगळी रडगाणी ऐकून झाल्यावर विचारायचे तसा.

"ताई," मी म्हटलं, "दुसरा चालू हाय काय?"

आम्ही पुढच्या खोलीत गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरवर तिनं शिवलेलं फुलांचं कव्हर होतं. मी प्लग लावला. बटण दाबायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. ताईनं दाबलं. पंखा आधी घरघरला, खोकल्यासारखा, मग लागला. पडदा उजळला. मधोमध त्यांचं नाव, आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. मागून नीलेश आला होता. "पासवर्ड माहीत नाही ना? मी काढतो, थोड्याच वेळाचं काम आहे." ताई म्हणाली, "नको. ते त्याइचं हाय." "अगं पण मग आतलं उघडणार कसं?" "उघडाचंच नाई," ती म्हणाली, आणि मागे स्वयंपाकघरात गेली. आम्ही तिच्या मागोमाग.

फुली नव्हती. त्या कॉम्प्युटरमध्ये कोणी आत शिरायची गरजच नव्हती. तो नुसता जागा असला, आपलं नाव घेऊन बसलेला असला, की पुरे होतं.

नीलेशनं वाकून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, हे सगळं मी तुला पेनड्राइव्हवर देतो ना. मोबाईलवर टाकतो. पुण्यात, इथं, कुठंही बघता येईल. मग तो चालू ठेवायची गरजच नाही." ताई म्हणाली, "तेच तं. मंग तो कोन चालू करन?" मी ज्या कामासाठी आत आलो होतो, ते असं पार पडलं.

ताईनं माऊसवर हात ठेवला आणि फोल्डर उघडण्याआधी आमच्याकडे पाहिलं. मला ते पाहणं ओळखीचं होतं. मी नीलेशच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. भाऊजींनी लावलेल्या झाडांना त्या दिवसापासून पाणी नव्हतं, ती माना टाकून उभी होती. थोड्या वेळानं नीलेशनं विचारलं, "मामा, काय असेल हो त्यात?" मी म्हटलं, "मले काय मालूम बे. आपलं नाव नाई त्याच्यात." तो हसला, मग त्यानं तोंड फिरवलं. मी उठून बादली भरली आणि झाडांना पाणी घातलं. जवायाच्या घरी साळ्यानं काम करू नये, अशी रीत आमच्याकडे नाही.

जाण्याआधी नीलेशनं स्वतः बाजारात जाऊन नवी वायर आणली, पंखा बदलला, त्या कॉम्प्युटरमागची भिंत झाडली. फुलांचं कव्हर धुऊन पुन्हा घातलं. ताई आता मधूनमधून पुण्याला जाते, चार दिवस राहते आणि परत येते. येण्याचं कारण विचारलं तर झाडांचं सांगते.

नांदुऱ्याला असली की तिची सकाळ ठरलेली असते. आंघोळ, देवपूजा, मग पुढच्या खोलीत जाऊन कव्हर काढायचं, घडी करायची आणि बटण दाबायचं. पंखा आता घरघरत नाही, याची तिला थोडी खंत आहे. पडद्यावर नाव आलं की ती मागे जाऊन चहा ठेवते. मी दुकान उघडलं की तिला फोन लावतो. खरं तर माझ्याकडे बोलायला काही नसतं, तिच्याकडेही नसतं. पाण्याचं, उन्हाचं, आईच्या गुडघ्यांचं बोलतो. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहतं, "भाऊ, घेता काय जरा" म्हणतं, मी त्याला हातानं थांबवतो आणि फोन ठेवण्याआधी विचारतो,

"ताई, दुसरा चालू हाय काय?"

"हाव," ती म्हणते. "चालू हाय."